वाक्याला ऐंशी पैसे

जूनच्या शेवटी दोन दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. काकांचं वर्षश्राद्ध होतं. ठाण्याला रात्री कोकणकन्या पकडली, पहाटे उतरलो तर पाऊस असा कोसळत होता की शिरगावला यायला एकही रिक्षावाला तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला, पण भाडं विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी गुपचूप आत बसलो. असो, रिक्षा हा आजचा विषय नाही.

पहिल्या रात्री झोप येईना. अकरा-साडेअकराला पावसाने उघडीप दिली, पत्र्यावरचा ताशा थांबला, आणि मधल्या खोलीतून आवाज यायला लागला. हळू, पण एकेक शब्द सुटा सुटा.

"माझ्या खात्यात किती रक्कम शिल्लक आहे?"

मग शांतता. मग पुन्हा तेच वाक्य. मग, "उद्या सकाळी सहा वाजताचा गजर लावा." मग, "जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे?"

घरात गाय नाही, बैल नाही, मांजरसुद्धा शेजाऱ्यांचं. मी उठून बघतो तर वहिनी डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेली आणि गोधडीच्या आत मोबाइलचा उजेड. मी जेवढा दचकलो तेवढीच तीही दचकली.

"झोपा तुम्ही भाऊजी. पाऊस थांबलाय तोवर माझी वाक्यं उरकून घेते."

तर ही वाक्यं म्हणजे वहिनीचं नवीन काम. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे. त्यात एक मराठी वाक्य येतं. ते मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं, पाठवायचं. पुढचं वाक्य येतं. एका वाक्याला ८० पैसे. गोधडी अशासाठी की बाहेरचे बेडूक आत येऊ नयेत. आवाजात बेडूक आला की वाक्य बाद. पत्र्यावर पाऊस वाजला तरी बाद. म्हणजे पावसाळ्यात दिवसातून दोन-तीन उघडिपी मिळाल्या तर तेवढ्यातच काय ती कमाई.

आता गंमत बघा. दादा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक नाही आणि दादाचा पगार निम्म्यावर. ज्या पावसाने त्याचं काम थांबतं त्याच पावसाने वहिनीचंही थांबतं. नेमकी गरज असते तेव्हाच!

दादाला आधी हा सगळा फसवणुकीचा प्रकार वाटला होता. त्यात त्याची चूक नाही. त्याच्या ओळखीतल्या एका पोराला फोनवर 'व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये मिळवा' असा मेसेज आला होता. पहिले दीडशे रुपये खरंच खात्यात आले. मग 'मोठ्या टास्कसाठी' आधी हजार भरा, मग पाच हजार भरा, आणि मग सगळं गायब. असल्या टास्कवाल्या भामट्यांच्या शंभरहून जास्त वेबसाइट केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या होत्या, तरी मेसेज येतच असतात. ओळखायची खूण सोपी आहे: काम देणारा आधी तुमच्याकडून पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. (आणि फसलातच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा.)

वहिनीच्या अ‍ॅपने पैसे मागितले नव्हते. पैसे येतही होते. पहिल्या कमाईतून तिने मुलीसाठी दप्तर घेतलं. "कुणाला विचारून नाही घेतलं," असं तिने मला दोनदा सांगितलं, म्हणजे दप्तरापेक्षा ते महत्त्वाचं होतं हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन आली. "भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? हे काय आहे सांगा जरा." स्क्रीनवर हिशोब होता. चार रात्रींत ४०० वाक्यं पाठवली. २६० मंजूर. १४० नामंजूर. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच ओळ: गुणवत्ता निकष पूर्ण होत नाहीत.

सवयीने हिशोब मांडला. चुकलं की पुन्हा रेकॉर्ड करायचं, पाठवायचं, पुढचं वाक्य यायची वाट बघायची, असं सगळं धरून वाक्यामागे पाऊण मिनिट तरी जातं. म्हणजे ४०० वाक्यांना ५ तास. सगळी मंजूर झाली असती तर ३२० रुपये, तासाला ६४. प्रत्यक्षात मिळाले २०८. तासाला साडेएकेचाळीस रुपये. उरलेल्या ११२ रुपयांचं काय झालं, ते कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्या अ‍ॅपमध्ये कुठेही नव्हतं. मदत म्हणून एक बटण होतं, ते दाबल्यावर नेहमीच्या प्रश्नांची यादी उघडायची. तिचा प्रश्न त्या यादीत नव्हता.

काकू शेजारी लसूण सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या काजूत असं नव्हतं बाबा."

काकूने उमेदीची बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात काढली. बिया फोडायच्या, गर काढायचा, आणि किलोवर पैसे. बीच्या टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडायची, कातडी निघायची. अख्ख्या गराला एक दर, पाकळीला कमी, तुकड्याला त्याहून कमी. म्हणजे तेही तुकड्या-तुकड्यांचंच काम, मजुरीही अशीच तुटपुंजी. मी काजूच्या कारखान्याचे गोडवे गात नाहीये. तिच्या बोटांकडे बघून कुणाचीच तशी हिंमत होणार नाही. पण काकूचा मुद्दा वेगळा होता.

"काटा समोर असायचा. मुकादम लबाडी करतोय वाटलं की आम्ही चौघीजणी उभ्या राहायचो. पुन्हा तोल म्हणायचो. तुकडा म्हणून बाजूला काढलेला गर उचलून दाखवायचो, हा बघ, कुठे तुटलाय? कधी तो ऐकायचा, कधी नाही. पण माणूस तर समोर होता. हिने कुणाशी भांडायचं?"

मला काही उत्तर सुचेना. कारण तो काटा बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. तुम्ही फोनला मराठीत काहीतरी विचारता आणि त्याला ते कळतं, त्यामागे हजारो माणसांनी वाचलेली लाखो वाक्यं असतात. आमच्या टीमलाही असा आवाज लागतो. तो मधल्या एका कंत्राटदाराकडून विकत घेतला जातो. आलेल्या रेकॉर्डिंगमधून चांगली कुठली, वाईट कुठली हे ठरवायला माणूस बसवला तर खर्च वाढतो, म्हणून आधी एक चाळणी लावतात. रेकॉर्डिंग आधीच तयार असलेल्या एका प्रोग्रॅमला ऐकवायचं, त्याला जे ऐकू आलं ते मूळ वाक्याशी ताडून बघायचं, फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर बाद. आमच्याकडची ही चाळणी मी लिहिली आहे. दीड दिवसात लिहिली होती आणि तेव्हा मला स्वतःचं बरंच कौतुकही वाटलं होतं.

वहिनीचं अ‍ॅप आमच्यासाठी काम करत नाही, मी खात्री करून घेतली. पण तिची नाकारलेली वाक्यं त्यात पुन्हा ऐकता येत होती. आम्ही वीस वाक्यं ऐकली. दोनमध्ये पाऊस होता, एकात बेडूक. उरलेली सतरा माझ्या कानाला स्वच्छ होती. फक्त वहिनी 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'कोण'ला 'कोन'. आमच्याकडे निम्मा गाव तसंच बोलतो. याच कारणाने ती वाक्यं बाद झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या अ‍ॅपच्या पोटात काय आहे ते मी पाहिलेलं नाही. पण माझ्या चाळणीत ती बाद झाली असती, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. ज्या प्रोग्रॅमच्या कानावर मी भरवसा ठेवला होता तो शहरी, पुस्तकी मराठी ऐकून तयार झालेला आहे. म्हणजे महाराष्ट्रभरची मराठी गोळा करायला निघालेल्या आम्ही दारात पुणेरी रखवालदार बसवला होता.

वहिनीला मी हे सोपं करून सांगितलं. ती हसली. म्हणाली, "शाळेत बाईपण ह्याच्यावरूनच ओरडायच्या. तेव्हा निदान पैसे तरी कापत नव्हत्या."

ही फक्त तिची गोष्ट नाही. अ‍ॅमेझॉनने २००५ साली असल्या बारीकसारीक कामांचा ऑनलाइन बाजार मांडला, त्याला नाव दिलं 'मेकॅनिकल टर्क'. हे नाव १७७० सालच्या एका यंत्रावरून घेतलंय. व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा पगडीवाला यांत्रिक बाहुला आणला होता. तो भल्याभल्यांना हरवायचा. खरं तर खालच्या पेटीत एक जिवंत खेळाडू दडून बसलेला असायचा! अडीचशे वर्षांनी पेटी तीच आहे, फक्त आत एकाऐवजी लाखो माणसं आहेत. या बाजारात काम करणाऱ्यांत अमेरिकेच्या खालोखाल सगळ्यात जास्त माणसं आपल्या देशातली. यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवणारा 'इमेजनेट' नावाचा प्रसिद्ध साठा २००९ मध्ये जाहीर झाला. त्यातली सुमारे १ कोटी ४० लाख चित्रं १६७ देशांतल्या जवळपास ४९ हजार लोकांनी अशाच सुट्या कामांतून निवडून दिली. आज ज्याला आपण एआय म्हणून नमस्कार करतो त्याचा पाया या लोकांनी घातलाय.

आणि मिळालं काय? २०१८ साली २,६७६ कामगारांच्या ३८ लाख कामांचा हिशोब संशोधकांनी मांडला, तेव्हा मधल्या कामगाराची कमाई तासाला २ डॉलरच्या आसपास निघाली. अमेरिकेतलं किमान वेतन आहे सव्वासात डॉलर. त्याच्या वर कमावणारे फक्त ४ टक्के. त्यावर कडी म्हणजे काम देणारा काम नामंजूर करू शकतो, पैसे देत नाही, आणि केलेलं काम मात्र त्याच्याकडेच राहतं. मुकादमाने तुकडा म्हणून पैसे कापले तर काकू निदान तो गर उचलून दाखवू शकत होती. इथे उचलून दाखवायलाही हातात काही नाही. याच रागातून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी 'टर्कॉप्टिकॉन' बनवलं, म्हणजे कामगारांनीच काम देणाऱ्यांना गुण द्यायची सोय. चौघीजणींनी काट्याजवळ उभं राहण्याचाच तो प्रकार.

आपणही ही कामं केली आहेत बरं का, तीही फुकट. आठवतंय, वेबसाइटवर दोन वाकडेतिकडे शब्द टाइप करून 'मी माणूस आहे' हे सिद्ध करायला लागायचं? २००७ मध्ये आलेल्या रीकॅपचामध्ये त्यातला एक शब्द आपली परीक्षा घ्यायला असायचा आणि दुसरा जुन्या पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला, जो यंत्राला वाचता आला नव्हता. तो आपण वाचून द्यायचो. पण आपली त्यावर चूल पेटत नव्हती, एवढाच काय तो फरक.

मुंबईला परत आल्यावर ऑफिसात जेवताना हे सगळं बोललो. एक मित्र म्हणाला, "काहीच नसण्यापेक्षा साडेएकेचाळीस रुपये बरे ना? तिला कोणी जबरदस्ती केलीये का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. खरंच कोणी जबरदस्ती केलेली नाही. शिरगावात रात्री अकरा वाजता, घराबाहेर पाऊल न टाकता करता येईल असं दुसरं काम वहिनीला मिळणार नाही, हेही खरं. हे अ‍ॅप उद्या बंद पडलं तर तिला वाईट वाटेल. म्हणून 'असली कामं बंद करा' असं मी म्हणतच नाही. पण 'काहीच नसण्यापेक्षा बरं' हे काजूच्या कारखान्यालाही लागू होतंच की. त्या वाक्याने काटा खरा की खोटा हे ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच. मजुरी कमी असणं वाईट आहे, पण त्याहून वाईट आहे ते कारण न सांगता कापली जाणं. दर कमी असेल तर माणूस करायचं की नाही ते आधी ठरवू शकतो. काम करून झाल्यावर, कुणा न दिसणाऱ्याने, न सांगितलेल्या कारणासाठी एक तृतीयांश कापून घेतलं तर ठरवायला काही उरतच नाही. आणि हे कापणं बाजारभावामुळे होत नाही. ते माझ्यासारख्या कोणीतरी दीड दिवसात लिहिलेल्या कोडमुळे होतं, म्हणजे ते बदलताही येतं.

गावाकडच्या माणसांचं काम कच्चं असतं, म्हणून कडक चाळणी हवी, असं कुणी म्हणेल. तर त्याचीही परीक्षा झालेली आहे, आणि मराठीतच झालेली आहे. २०१९ मधल्या एका अभ्यासात ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन नवीन असलेल्या लोकांकडून हाताने लिहिलेले मराठी-हिंदी शब्द साध्या मोबाइलवर टाइप करून घेतले. अचूकता भरली ९६.७ टक्के, धंदेवाईक कंपनीच्या तोडीची. लोक इतक्या हौसेने करत होते की अति होऊ नये म्हणून मर्यादा घाला, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली. २०२० मध्ये ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी वाचन रेकॉर्ड केलं गेलं, त्यात खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते आणि विद्यापीठातले विद्यार्थीही होते. दर्जात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. यातल्याच काही संशोधकांनी पुढे 'कार्य' नावाची संस्था काढली. तासाला किमान ५ डॉलर, आणि तोच आवाज पुन्हा विकला गेला तर वाचणाऱ्याला त्यातला वाटा, हे तिचं धोरण २०२३ मध्ये बरंच गाजलं. म्हणजे हे जमतं. आपण करत नाही.

कायद्याचं म्हणाल तर सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये 'प्लॅटफॉर्म कामगार' हा शब्द आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागूही झाली. चांगलंच आहे. पण तो सुरक्षेचा कायदा आहे. गोधडीखाली वाचलेलं १४० पैकी एखादं वाक्य बरोबर होतं की चूक, याचा निवाडा तो करत नाही.

तर मी काय केलं? परत आल्यावर माझ्या चाळणीने बाद केलेल्या रेकॉर्डिंगमधली ५० कुठलीही उचलली आणि हेडफोन लावून ऐकली. ३१ मला अगदी नीट ऐकू आली. एक म्हातारे गृहस्थ होते, प्रत्येक वाक्यानंतर हळूच 'झालं' म्हणायचे. त्या 'झालं'मुळे त्यांची सगळी वाक्यं बाद झाली होती.

मॅनेजरला तीन गोष्टी मागितल्या. एक, बाद करताना कारण सांगायचं: आवाज कमी, मागे गोंगाट, की शब्द वेगळा. दोन, 'पुन्हा ऐका' असं बटण द्यायचं आणि ते दाबल्यावर यंत्राने नाही, माणसाने ऐकायचं. तीन, प्रामाणिकपणे केलेल्या प्रयत्नाचे निम्मे तरी पैसे द्यायचे. पहिली मान्य झाली. दुसरीसाठी महिन्याला ठरावीक तास मिळाले, पुरेसे नाहीत. तिसरीवर "बजेट बघू" असं उत्तर मिळालं. बजेट बघू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. :)

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखंच काम करता. तुमच्याही कोडमध्ये कुठेतरी एखादी मर्यादा असेल, ०.८ किंवा ०.८५, कुणीतरी अंदाजाने टाकलेली. एकदा तिच्या पलीकडची ५० रेकॉर्डिंग ऐका. किंवा त्याहून सोपं: जे काम तुम्ही बाहेर देता ते स्वतः एक तास करून बघा, साध्या फोनवर, पंखा चालू असताना, शेजारी पोर रडत असताना. मग दर ठरवा.

काल वहिनीचा फोन आला होता. पाऊस जरा कमी आहे, वाक्यं बरी चाललीत म्हणाली. आता 'पाणी' म्हणताना जीभ मुद्दाम वर वळवते, नामंजूर कमी झालीत. फोन ठेवताना तिने विचारलं, "भाऊजी, मी नीट बोलायला शिकले की तुमच्या कंपनीत चालेल का माझा आवाज?"

मी तिला म्हटलं, शिकू नकोस. आणि मग माझ्या लक्षात आलं की असं सांगण्यात तिचे वाक्यामागे ८० पैसे जातात, माझं काहीच जात नाही.